दागिने उतरवलेली गाडी आणि मागच्या सीटवरची स्टेपनी

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी सुट्टीत लडाखला जातात आणि मग वर्षभर तिथल्या खिंडींचे फोटो दाखवून आम्हाला जीव नकोसा करतात. मी बोरिवलीहून मनोरीला जाऊन आले. हसू नका. मार्व्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत मनोरी येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण आम्ही बोटीने गेलो नाही. भाईंदर, उत्तन, गोराई असा सगळा वळसा घालून, स्वतःच्या गाडीने आणि शेवटचा टप्पा अशा वाटेने गेलो की तिला वाट म्हणणं हा माणसांचा चांगुलपणा आहे. परत येऊन आठवडा झाला, तरी मी मधेच एकटी हसते.

आम्ही म्हणजे मी, माझ्या सासूबाई सुलभाताई, ज्यांना मी आई म्हणते, आणि एक स्टेपनी. गाडी आई चालवतात. मला चालवता येत नाही. शिकायला घेतलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची आठवण काढली आणि मी ते तिथेच सोडलं.

जायचं कारण फिलोमिना. आईंची टेलिफोन खात्यातली मैत्रीण, दोघी शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं लोकांचे फोन जोडत होत्या. फिलोमावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या मनोरीतल्या घरात अडकल्या. घर वाडीच्या आत, रस्त्यापासून लांब. तिथवर रिक्षा येत नाही आणि मावशींना चालवत नाही. फोनवर त्या आईंना म्हणाल्या, "सुलू, समुद्र ऐकू येतो गं, दिसत नाही." आईंनी फोन ठेवला आणि जाहीर केलं की रविवारी गाडी थेट फिलोच्या दारात नेणार आणि तिला समुद्र दाखवून आणणार.

माझा नवरा नितीन त्या वेळी नाशिकला मित्राच्या लग्नाला निघाला होता. बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "आई, ती वाट गाडीची नाहीये. बैलगाडीची आहे."

"मग मला बैल समज," आई म्हणाल्या.

"मस्करी नाही. सत्तरीला आलीस. मी कधीपासून सांगतोय, आता गाडी चालवणं बंद कर. आणि एक ओरखडा जरी पडला ना, तर चावी द्यायची. कायमची."

"कोणी द्यायची?"

"ज्याच्या हातून ओरखडा पडेल त्याने. नियम सगळ्यांना सारखा."

नितीन एका कंपनीत माणसं ठेवण्या-काढण्याच्या खात्यात आहे, त्यामुळे हे वाक्य त्याच्या तोंडात अगदी गुळगुळीत बसलेलं आहे. आईंनी "ठरलं" म्हटलं आणि त्याच्या डब्यात आणखी दोन पोळ्या भरल्या.

वरवर सगळं हसण्यावारी गेलं, पण मला आईंचा चेहरा दिसत होता. ती लाल छोटी गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली. गाडी चालवायला त्या साठीच्या आसपास शिकल्या. भाजी, बँक, दवाखाना, दहिसरची बहीण, कशासाठीही त्यांना कुणाला "सोडतोस का रे" म्हणावं लागत नाही. गाडीच्या चाव्या दोन. एक आईंच्या कमरेला पितळी शंखाच्या जुडग्यात, दुसरी नितीनकडे. आपली चावी गेली की आपण घरातलं एक सामान होऊ, असं त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं.

बोरिवली, शनिवार

प्रवासाला निघताना आपण काय करतो? पाटल्या काढून कपाटात ठेवतो, मंगळसूत्राच्या जागी काळी पोत घालतो. चोर आला तरी काय नेणार! सकाळी चहा पिताना आईंनी हाच न्याय गाडीला लावला.

दोन वर्षांपूर्वी आईंच्या वाढदिवसाला नितीनने गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर, जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून आणल्या होत्या. शिवाय चाकांवर कमानी. 'आई, सरप्राइज!' गाडी त्यामुळे जरा पैलवान दिसायला लागली होती, हे खरं.

"ओरखडा पडणार तो ह्या नक्षीवर," आई म्हणाल्या. "आणि दगडाला अडकून तुटणार तीही हीच. मग ही घरी ठेवायची. गाडीने साधं जायचं, साधं यायचं, आल्यावर परत घालायची."

"आई, ते चिकटवलेलं आहे. स्क्रू नाहीत त्याला."

"चिकटवलेलं निघतं गो. टिकली निघते, हे काय निघणार नाही?"

तळमजल्यावरच्या देसाईकाकांच्या खिडकीतून वायर घेतली आणि माझा हेअर ड्रायर लावला. मी एकेका पट्टीला गरम हवा द्यायची, गोंद मऊ झाला की आई पट्टीच्या मागे तंगूस घालायच्या, म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा, आणि आरी ओढतात तसा तो पुढे-मागे ओढायच्या. पट्टी हळूहळू सुटत यायची. मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेल लावून अंगठ्याने चोळून काढायचा. देसाईकाका खिडकीतून सगळं बघत होते.

"गाडीचे केस वाळवताय काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाणं झालंय तिचं," आई म्हणाल्या आणि मी जी हसायला लागले, ती ड्रायरची गरम हवा स्वतःच्याच कानात गेली तेव्हा थांबले.

उजवी बाजू झकास निघाली. डावीकडच्या दोन्ही दारांच्या पट्ट्या निघाल्या आणि माझं हसू तिथेच विरलं. खाली एक लांबलचक ओरखडा होता. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, मांजराने नखं ओढावीत तसा.

"वाट लागली," मी म्हटलं. "आई, माझ्या ड्रायरने रंग जळला की काय? का तुमच्या तंगुसाने?"

आई खाली बसून बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडणार. गाडी कंपाउंडच्या बाहेर पडण्याआधीच चावी गेली होती. पण त्या उठल्या, साडीला हात पुसले आणि मालवणीत शिरल्या. राग आला की किंवा हुरूप आला की त्या मालवणीत शिरतात. "चावी गेलीच हा, मगे भियाचा कित्याक? आता जावचाच."

पट्ट्या आणि कमानी धुऊन, पुसून, जुन्या साड्यांत गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या.

मग स्टेपनी. आमची गाडी गॅसवर चालते आणि डिकीत गॅसची टाकी बसवल्यापासून तिथे चाकाला जागा उरलेली नाही. त्यामुळे स्टेपनी घरी, गॅलरीत असते आणि तिच्यावर तुळशीची कुंडी असते. रोजचं हळद-कुंकू सांडून त्या टायरवर लाल-पिवळे ओघळ आलेत. आईंनी तुळशीला नमस्कार केला, "जरा जमिनीवर बस बाई, उद्या संध्याकाळी परत चढवते" म्हणाल्या आणि आम्ही दोघींनी ते चाक दोन मजले घरंगळवत, धरत, बोंबलत खाली आणलं. पहिल्या मजल्यावर ते माझ्या हातून सुटलं आणि जिन्याच्या वळणावर भिंतीला धडकून शहाण्यासारखं आडवं झालं.

मनोरीच्या वाटेवर, रविवार

स्टेपनी मागच्या सीटवर ठेवली, सीट खराब होऊ नये म्हणून चादरीत गुंडाळून. गाडी सुरू केली तर पीं पीं पीं. गाडीच्या मते मागे कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. मग चाकाला पट्टा लावला. पंपावर हवा भरताना तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, स्टेपनी में भी डालूँ?" आणि मागचं दार उघडून दोन पावलं मागे सरकला. हळद-कुंकू लावलेली, चादर पांघरलेली, पट्टा बांधलेली स्टेपनी त्याने बहुधा पहिल्यांदाच बघितली असावी. हवा मात्र त्याने अगदी अदबीने भरली.

भाईंदरच्या गर्दीबद्दल मी काही लिहीत नाही. ती तुम्ही बघितलेली आहे. पण उत्तनचा चढ सुरू झाला आणि आम्ही दोघींनी काचा खाली केल्या. खाली समुद्र, काठाला रंगीत होड्या आणि बांबूंच्या आडव्या काठ्यांवर एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील. आमच्या कोकणात सुकी मासळी चटईवर, अंगणात पसरतात आणि मांजराला हाकलायला एका म्हातारीची नेमणूक होते. इथे मासे दोरीवरच्या कपड्यांसारखे वर टांगलेले. "मांजराची पंचाईत," आई म्हणाल्या. वास असा की भूक लागावी. वळणावर एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. आईंनी भर रस्त्यात गाडी थांबवली, मागच्याने हॉर्न वाजवला, आईंनी त्याला हात दाखवून "एक मिनिट रे राजा" म्हटलं आणि आश्चर्य म्हणजे तो थांबला. ताडगोळ्याचं पाणी माझ्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेलं. घरी मी चमच्याने आइस्क्रीम खाणारी बाई आहे.

आई इतक्या खुशीत होत्या की गाडी चालवताना गात होत्या. चावी गेल्याचं त्यांना दुःख नाही का, असं मला वाटत होतं, पण विचारलं नाही. त्यांनीच एकदा गाणं थांबवून म्हटलं, "आज शेवटची आहे ना गो, मग नीट चालवून घेते." त्यानंतर बराच वेळ मी खिडकीतून गोराईची झाडं बघत होते. मला फार वाईट वाटलं होतं.

मनोरी गाव मागे पडलं आणि डांबर संपलं. पुढे माडांमधून जाणारी वाट, एका बाजूला करवंदीच्या जाळ्या, मधे जांभ्याचे दगड आणि दगडांच्या मधे आणखी दगड. आईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी म्हशीसारखी डुलत निघाली. पट्ट्या असत्या तर पहिल्याच दगडावर निघाल्या असत्या, कारण गाडीचं पोट दोनदा घासून गेलं. मी देवाचं नाव घेत होते, आई दगडांना नावं ठेवत होत्या.

फार पुढे गेलोच नाही. फुस्स असा आवाज झाला आणि गाडी डावीकडे बसली. कुणीतरी वाटेतला चिखल बुजवायला जुन्या होडीच्या फळ्या टाकल्या होत्या, त्यातल्या एकीचा खिळा पुढच्या डाव्या चाकात.

"बघ," आई म्हणाल्या, "हिला उगाच नाही आणली." आणि मागचं दार उघडून त्यांनी स्टेपनीचा पट्टा सोडला.

चाक त्यांनी बदललं. मी हातभार लावला म्हणजे नट सैल होईना तेव्हा पान्यावर उभी राहिले आणि माडाला धरून दोन उड्या मारल्या. माती भुसभुशीत होती, जॅक आत रुतायला लागला, तेव्हा आईंनी ज्या फळीने घात केला तीच उलटी करून, खिळा मातीत दाबून, जॅकच्या खाली दिली. स्टेपनी चढवताना मी गाडीच्या बाजूला उकिडवी बसले होते, नाक अगदी दाराजवळ. ऊन तिरपं पडलं होतं. आणि मला ओरखड्याच्या आत गंज दिसला.

"आई, हा गंजलाय. काल पडलेला ओरखडा आज गंजतो?"

आई पाना हातात घेऊन वाकल्या. त्यांनी नखाने खरवडलं. गंजाच्या कडेने दुसऱ्या रंगाचा एक पातळ थर निघाला. पिवळा.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. गाडी आत घेताना तो डाव्या हाताला येतो.

"माझ्या हातून नाही," आई म्हणाल्या. "मी त्या खांबाला गाडी लावण्याआधी नमस्कार करते."

गाडी चालवणारी दोनच माणसं. आईंच्या वाढदिवसाच्या आधी नितीनची बाइक दुरुस्तीला होती आणि आठवडाभर गाडी त्याच्याकडे होती. मग एकदम ते सरप्राइज. मला आठवलं, त्या दिवशी मी म्हटलं होतं की आईंना एखादी छान साडी घेऊ, आणि तो केवढा अडून बसला होता, "नाही, गाडीलाच काहीतरी करू. दोन्ही बाजूंना. मोठं काहीतरी."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आईंच्या तोंडातून आधी नुसती हवा बाहेर पडली, पंक्चर झाल्यासारखी, आणि मग त्या हसायला लागल्या. मीही. जॅकवर उचललेल्या गाडीच्या बाजूला, करवंदीच्या जाळीत, आम्ही सासू-सुना पोट धरून बसलो. "मेल्याने माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून स्वतःचं पाप झाकलं!" आई डोळे पुसत म्हणत होत्या. "आणि मी शेजारपाजारी केवढं कौतुक सांगितलं गो त्याचं!"

हसून झाल्यावर त्या एकदम उभ्या राहिल्या. "थांब. म्हणजे माझ्या हातून अजून एकही ओरखडा नाही."

"नाही."

"मग आता पडताही कामा नये."

झालं! मगाशी बिनधास्त निघालेली बाई आता करवंदीच्या प्रत्येक फांदीकडे वैऱ्यासारखी बघायला लागली. मी छत्री घेऊन गाडीच्या पुढे चालायचं, काटेरी फांद्या छत्रीने बाजूला दाबून धरायच्या, गाडी गेली की पळत पुन्हा पुढे यायचं, असं ठरलं. लडाखच्या मैत्रिणींनो, याला प्रवास म्हणतात. माझ्या ओढणीचा अर्धा भाग अजून त्या जाळ्यांत असेल.

फिलोमावशींचं घर

मावशी काठी टेकून दारात उभ्या होत्या. गाडी अंगणात शिरली तेव्हा त्यांनी काठीच वर उचलली. "आलीस गं सुलू! खरंच गाडी घेऊन आलीस! वेडी कुठली!"

जेवण काय सांगू. चिंबोऱ्यांचं लालभडक कालवण आणि त्यात बुडवून खायला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे, लिंबाएवढे, तळलेले गोळे. बोटाने दाबला तर आत पोकळ. आमच्याकडे मालवणी मसाला बरणीत भरतात, मावशी त्यांचा मसाला रिकाम्या बाटल्यांत, काठीने ठासून. चव कुणाची भारी यावर या दोघी नोकरीत असल्यापासून भांडतायत आणि त्या दिवशीही भांडल्या. मी दोन्हीकडून मान डोलावली आणि फुगे मोजले नाहीत.

मग आईंनी मावशींना ओरखड्याची गोष्ट सांगितली. मावशी हसता हसता काठी पाडून बसल्या. "आणि आता परत त्या काट्यांतून जायचं? थांब बाय." त्यांनी पेटी उघडायला लावली. आतून गोधड्या निघाल्या, सगळ्या रंगीत तुकड्यांच्या. त्यांचं एकेक टोक आम्ही खिडक्यांच्या काचांत अडकवलं आणि बाकीची गोधडी दारांवर सोडली. गाडी नटली. पुढे मावशी, गुडघा लांब करून. मागे मी आणि माझ्या शेजारी पट्टा बांधलेलं पंक्चरलेलं चाक.

"ह्याला का बांधलंय?" मावशींनी विचारलं.

"नाहीतर गाडी ओरडते," मी म्हटलं.

अशी आमची वरात वाडीतून निघाली. जाळं पसरून बसलेले लोक उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "नवरी कोण?" आणि मावशींनी हात वर केला.

आईंनी गाडी रस्त्यावर आणली, गोधड्या उतरवल्या आणि थेट किनाऱ्याजवळच्या सुरूच्या झाडांपर्यंत नेली. समोर समुद्र होता, भरतीचा, पसरलेला. मावशींनी आईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "आहे की जागेवर," शेवटी त्या म्हणाल्या. आम्ही तिघींनी कालाखट्टा गोळा खाल्ला आणि जांभळ्या जिभा काढून एकमेकींना दाखवल्या.

मावशींना परत सोडताना आणि पुन्हा बाहेर निघताना गोधड्यांचा तोच कार्यक्रम झाला. रस्त्याला लागल्यावर मी गाडीभोवती वाकून वाकून फिरले. जुना ओरखडा एक. नवा एकही नाही.

पुन्हा बोरिवली

घरी पोचलो तेव्हा पट्ट्या परत चिकटवायला वेळ होता. मी ड्रायर आणायला निघालेसुद्धा. आई म्हणाल्या, "राहू दे." त्यांनी गाडी पिवळ्या खांबाच्या अगदी शेजारी लावली, डावी बाजू फाटकाकडे करून, आणि मागच्या सीटवरचं पंक्चरलेलं चाक काढून खांबाला टेकवून ठेवलं. मग आम्ही देसाईकाकांच्या ओट्यावर बसलो.

नितीन रिक्षातून उतरला. लांबूनच ओरडला, "आई! पट्ट्या कुठे गेल्या? सांगितलं होतं ना मी, ती वाट..." आणि जवळ आला. मग त्याने ओरखडा बघितला. मग खांब बघितला. मग आम्ही दोघी दिसलो.

"ओरखडा आहे," आई अगदी शांतपणे म्हणाल्या. "बराच मोठा आहे. नियम काय होता रे?"

"आई, ते मी... तुला सांगणारच होतो."

"दोन वर्षं?"

"तू ओरडशील म्हणून."

"ओरडले असते. मग विसरलेही असते." आईंनी हात पुढे केला. "नियम सगळ्यांना सारखा ना?"

नितीन आधी माझ्याकडे आशेने बघायला लागला. मी आकाशाकडे बघितलं. मग त्याने खिशातून जुडगा काढला, कडीतून गाडीची चावी सोडवली आणि आईंच्या तळहातावर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. आईंना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता ते पंक्चरलेलं चाक वर ने. तुळस कालपासून जमिनीवर बसलीय."

तो चाक घेऊन जिना चढायला लागला. पहिल्या मजल्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि देसाईकाकांनी "सांभाळ रे" अशी हाक दिली.

आईंनी ती दुसरी चावी माझ्या हातात ठेवली.

"आई, मला येत नाही."

"माहीत आहे. उद्या सकाळी लवकर उठ. फिलोला पुढच्या महिन्यात पुन्हा न्यायचंय आणि येताना मला मागे बसून ताडगोळे खायचेत."

मी चावी मुठीत घट्ट धरली. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि समोर तो पिवळा खांब होता. आईंनी माझ्या खांद्याला धरून मला त्याच्याकडे वळवलं.

"आधी ह्याला नमस्कार कर," त्या म्हणाल्या.

मी केला.